शेंड्यावरचा दगड

...आणि वर लोक मलाच म्हणतात, जरा दमाने का घेतलं नाहीस! अहो, तुम्हाला सांगतो, पृथ्वीचं चुंबकत्व पूर्वी किती जोरदार होतं हे शोधणं माझं काम, आणि त्यात माझा हात धरणारा कुणी नाही, हे मी नाही म्हणत, आई म्हणते. लाव्हा थंड होताना त्या वेळचं चुंबकत्व पोटात धरून ठेवतो. आपण दगड भट्टीत तापवायचा, जुनं काढायचं, मोजून-मापून नवं भरायचं, दोन्ही ताडून पाहिलं की लाखो वर्षांपूर्वीची ताकद हातात. दगड खोटं बोलत नाही.

म्हणून तर डोंगराच्या पार शेंड्यावर गेलो. बायको पायथ्याशीच बसली. म्हणे, सगळा डोंगर एकाच लाव्ह्याचा ना, मग इथलाच घ्या की, गुडघे तरी वाचतील. आता तुम्हीच सांगा, वरचा कसा उघड्यावर, ताठ, रुबाबात उभा, तो सोडून पायथ्याचा कुणी घेतं? तिने आपला एक खालचा पिशवीत टाकला, घरचं दार वाऱ्याने आपटतं म्हणून. मी वर पोहोचतो तर होकायंत्र बिघडलेलं! एक पाऊल इकडे, सुई उत्तरेला. एक पाऊल तिकडे, सुई भलतीकडेच... दोन टपल्या मारल्या आणि खिशात टाकलं. मला दिशा कुठे हवी होती, ताकद हवी होती.

आणि ताकद निघाली की हो, आजच्या कितीतरी पट! पुढच्या महिन्यात समितीपुढे भाषण, ते जमलं तर नोकरी कायम, नाहीतर घरी. मी आईला सांगितलं, सासऱ्यांना सांगितलं, न्हाव्याला सुद्धा सांगितलं. दगड खोटं बोलत नाही! प्रयोगशाळेच्या मोठ्या बाईंनी आलेख पाहिला, चष्मा काढला आणि हळूच विचारलं, "वर होकायंत्र नीट चालत होतं का रे?"

म्हटलं, छे हो बाई, नेमकं तिथेच बिघडलं.

"अरे, शेंड्यावर वीज पडते, दगडात स्वतःचंच जबर चुंबकत्व भरून जाते, सुई त्यानेच फिरते. तू पृथ्वी नाही मोजलीस, वीज मोजलीस."

म्हणजे दगड खरंच बोलत होता, पण विजेबद्दल! तसाच घरी पळालो, दाराचा दगड उचलला, तर बायको आडवी आली, म्हणे, मग दार कशाने अडवू? म्हटलं, हा घे, शेंड्यावरचा.

तुम्हाला सांगतो, दाराचा दगड भट्टीत एकदम सरळ वागला. ताकद निघाली साधीच, आजच्याच आसपासची, पण बाईंनी मान डोलावली. समितीने विचारलं, नमुन्याची जागा कशी निवडलीत? मी छाती पुढे काढून सांगितलं, अनुभवाने. झालो कायम! हे उत्तर मी घरी सांगितलं, तिथेच चुकलं. आता येणारा-जाणारा दारातल्या त्या रुबाबदार दगडाला अडखळतो, विचारतो, हा कुठला हो? आणि मी तोंड उघडायच्या आत बायको सांगते, "हा ना? हा ह्यांचा अनुभव."