बायकोच्या रक्तावर लावलेले यंत्र

मी, खाली सही करणारा, वय ४६ वर्षे, धंदा नोकरी (रक्त तपासणारा तंत्रज्ञ), राहणार रुग्णालयामागील कर्मचारी वसाहत, खोली क्रमांक सात, ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की,

मी एकोणीस वर्षे रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत आहे. फवारणीचे औषध अंगात गेले की रक्तातले एक द्रव्य घटते. त्यावरून विषबाधा किती झाली याचा अंदाज येतो. आकडा पाच हजारांवर असला तर ठीक, जितका खाली तितका धोका.

यंत्र बरोबर आहे का हे पाहण्यासाठी निरोगी रक्ताची बाटली येते. ती सात महिने आली नाही. म्हणून मी दर सोमवारी पत्नीचे रक्त घेत असे. ती कधी आजारी पडलेली मला आठवत नाही. ती म्हणायची, "इतकी वर्षं नुसतं रक्त पीत होतात, आता नळीत भरून घ्या." पहिला आकडा आठ हजार शंभर आला.

पुढे ती फुलांच्या बंदिस्त शेडमध्ये खुडणीला जाऊ लागली. मूळ मोजणीत तिचा आकडा सहा हजार झाला, मग चार हजार, मग सत्तावीसशे. मला वाटले, तपासणीचे रसायन जुने झाले. दर वेळी मी यंत्राचा गुणक, म्हणजे मूळ मोजणीला ज्याने गुणून यंत्र आकडा दाखवते तो, वाढवून तिला आठ हजार शंभरावर आणले. शेवटी तो तिप्पट झाला होता. हात कापतात, डोळ्यांतून पाणी येते, असे ती सांगत होती. मी चष्मा बदलू म्हणालो.

गेल्या मंगळवारी सकाळी ११.२० वाजता तिला शेडमधून आणले. तोंडाला फेस होता. रक्त मीच तपासले. ५,१०० आले. डॉक्टरबाई म्हणाल्या, "लक्षणं विषाची दिसतायत. आकडा नक्की ना?" मी म्हणालो, "कालच मशीन तपासून लावलंय, मॅडम." त्यांनी विषावरचे इंजेक्शन थांबवले. ३.४० वाजता पत्नी वारली. त्याच रक्ताचा बाहेरच्या प्रयोगशाळेतला आकडा सतराशे आहे.

डॉक्टरबाईंविरुद्ध माझी तक्रार नाही. या काळात मी ठीक म्हणून कळवलेल्या एकतीस जणांची यादी सोबत देतो. त्यांच्या घरी आजच कोणीतरी जावे. मला जाववत नाही.

जबाब मला वाचून दाखवला. तो मी सांगितला तसाच आहे. फक्त '५,१०० आले' असे आहे तिथे 'मी ५,१०० दिले' असे करावे.