आपोआप नेमाविरुद्ध आमचे सर

जैनथच्या या विहारात सुधाकर सरांच्या शोकसभेला जमलेल्या सगळ्यांना, सरांच्या आईंना आणि सरांच्या पत्नी वंदनावहिनींना नमस्कार. मी रेखा. सरांची विद्यार्थिनी, नंतर त्यांच्याच शाळेत शिक्षिका. वर्गात रोज बोलते. पण अशा सभेत कधी बोलले नाही. सांभाळून घ्या.

सुधाकर सर गणित शिकवायचे, घराण्यातले पहिले शिक्षक, हे तुम्हाला माहीत आहे. पण रविवारी दुपारी ते काय करायचे, हे थोड्यांनाच माहीत असेल. सर कॉम्प्युटरवर बंदुकीचा खेळ खेळायचे. पडद्यावर फक्त आपले हात आणि बंदूक. बाकी सगळं त्या सैनिकाच्या डोळ्यांनी पाहायचं. खिडकी लावलेली, पंखा कुरकुरतोय, आणि समोर धुक्यात कुठलं तरी परकं शहर. त्या खोलीत गेलं की दुपार कुठे जायची, कळायचं नाही. वीस वर्षांत त्या खेळाचे कितीतरी भाग निघाले. सर प्रत्येक भाग खेळले, सोबत मीही. आणि प्रत्येक भागावरून माझ्याशी भांडले.

हो, भांडले! जुन्या भागांत गोळी लागली की औषधाची पेटी शोधत फिरावं लागे. पुढे ते बदललं. भिंतीआड घडीभर बसलं की जखम आपली आपण भरते. मला आवडलं. सर म्हणाले, "काऊन वं? जखम अशी भरत असते काय?"

मी म्हटलं, "सर, पेटी शोधण्यातच अर्धा खेळ जाते."

"जाऊ दे ना! शोधनं म्हनजेच खेळ."

वहिनी चहा ठेवता ठेवता म्हणायच्या, "तुमी खेळून कमी राह्यले, भांडून जास्त राह्यले."

पण सरांचा खरा राग दुसऱ्याच बदलावर. नव्या भागांत एक सोय आली. बंदूक शत्रूच्या दिशेनं वळवली की नेम आपोआप बसतो. सरांनी खेळाडूंच्या ऑनलाइन चर्चेत त्याविरुद्ध पानंच्या पानं लिहिली. मला म्हणाले, "नेम दुसऱ्यानंच धरला, तं मी तिथं काऊन बसू?"

मग दोन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात हळूहळू निकामी होत गेला. नसांचा आजार. आधी खडू पडायचा. मग माऊस थरथरायला लागला. सर हरू लागले. मग खेळणंच टाळू लागले. एका रविवारी ते पाणी प्यायला आत गेले, तेव्हा मी ती आपोआप नेमाची सोय गुपचूप चालू केली. त्या दुपारी सर जिंकले. किती हसले! मग एकदम थांबले. माझ्याकडे वळले.

"रेखा, तू काही केलं काय?"

मला खोटं बोलता आलं नाही.

सर उठून गेले. तीन आठवडे बोलले नाहीत. मी त्यांचा मान हिरावून घेतला होता का? विचारून केलं असतं तर? अजूनही मी स्वतःला हे विचारते.

चौथ्या रविवारी वहिनींचा फोन आला. "ये वं, हे बोलावून राह्यले." गेले तर सर डाव्या हातानं, एकेक अक्षर शोधत, त्या चर्चेत लिहीत होते. मला वाचायला लावलं. लिहिलं होतं, या सोयीला मी इतकी वर्षं विरोध केला. तेव्हा माझा हात चांगला होता. माझं चुकलं. ही सोय काढू नका.

मी रडायला लागले. सर म्हणाले, "पन तू विचारलं नाही, ते चुकलंच तुयं."

"हो सर."

"आन जखम आपोआप भरनं मी मानत नाही. आजही नाही."

शेवटच्या महिन्यांत सरांनी गोळ्या झाडणं सोडून दिलं. म्हणाले, "खेळातल्या त्या धरणामागं काय आहे, कधी पाह्यलं काय? आपन नेहमी पळतच गेलो." मग आम्ही नुसते चालत राहिलो. बंदुका खाली. धरणामागं पायवाट होती, देवदाराची झाडं होती, आणि बर्फ पडत होता. उघड्या खिडकीबाहेर शिवारात कापूस फुटलेला. माझा डोळा लागत होता, आणि कापसाचं पांढरं कुठलं आणि बर्फाचं कुठलं, मला उमजेना.

"तिथं थंडी असन का वं?" सरांनी विचारलं.

"असन, सर."

त्यांनी डावा हात उचलला आणि पडद्यावर, पडणाऱ्या बर्फावर अलगद ठेवला. किती तरी वेळ काढलाच नाही.

एवढंच सांगायचं होतं. आपण सगळे उभे राहू या. दोन मिनिटं नुसती शांतता असू द्या.

सर, तुम्हाला अखेरचा जय भीम.