बर्फाच्या कारखान्यातलं नवं पॅनल

ये गो प्रज्ञा, अशी जवळ ये, तिथं उंबऱ्याशी काय उभी राहिलीस पाहुण्यासारखी, आणि चपला कशाला हातात घेतल्यास, कुत्रं न्हाय नेणार तुझ्या चपला. चार वेळा निरोप धाडला तेव्हा आलीस, काय गो, अलिबागला शाळेत बाई झालीस म्हणजे मावशीचं घर लांब झालं व्हय? बस. आधी पाणी पी. मंग वही काढ आणि मी सांगते तसं लिही, माझं बोलणं शुद्ध करत बसू नको, मुलांचा निबंध न्हाय हा. आणि अक्षर मोठं काढ. का, ते शेवटी सांगते.

तर माझं माहेर दिवेआगरच्या पलीकडं, खाडीच्या तोंडाशी, बाप होडीवर आणि आई मासळी सुकवायची. शाळा दोन वर्षं, तीही अर्धी, कारण बोंबील वाळत घातले की कावळे हाकायला कोणीतरी लागायचं आणि ते कोणीतरी म्हणजे मी. लग्न होऊन इकडं आले, किहीमच्या अंगाला, या कोळीवाड्यात. नवरा लवकर गेला. पाटी डोक्यावर घेऊन दारोदार हिंडायचं मला जमेना, मान धरायची, म्हणून बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात लागले. लादी डब्यातून सुटली की ढकलत न्यायची, फोडायची, होडीवाल्यांच्या टोपल्या भरून द्यायच्या. ही बोटं बघ, अजून आखडतात.

तिथंच तुझा बाबा भेटला मला, मधुकर, कारखान्याचा वायरमन. वीसेक वर्षं आम्ही एका छपराखाली काम केलं. तो मला हिरावहिनी म्हणायचा, मी त्याला मधुकर. तुमचं बुद्धाचं घर, पूजाबिजा तो करायचा न्हाय, पण नारळी पौर्णिमेला माझ्या हातचा नारळीभात मात्र डबा भरून न्यायचा आणि वर म्हणायचा, वहिनी, देवाचं देवाला, भाताचं मला. तू तेव्हा एवढीशी, तूच खायचीस तो भात.

त्यानंच मला वाचायला लावलं, हे तुला ठाऊक न्हाय. जुन्या पॅनलवर, म्हणजे ज्या लोखंडी कपाटातून सगळी मशीनं चालू-बंद होतात त्याच्यावर, त्यानं पांढऱ्या रंगानं नावं लिहिली होती, पंप, पंखा, कॉम्प्रेसर, आणि मला म्हणाला, वहिनी, मी नसलो आणि काही पेटलं तर वाचता यायला नको? अशी मी शिकले बघ, पुस्तकावर न्हाय, पॅनलवर. ते जुनं पॅनल म्हणजे काय सांगू तुला, दार गंजून गळून गेलेलं, दांडा ओढला की धाड करून आवाज यायचा आणि बंदरावरचे दिवे एकदम मंद व्हायचे, होडीवरची माणसं म्हणायची, हिराबायचा कारखाना उठला.

मंग शेठनी नवं पॅनल करायचं ठरवलं. पावसाळ्यात होड्या बंद असतात, तेवढ्यात काम उरकायचं. मधुकरला दोन दिवस ठाण्याला शिकायला धाडलं, परत आला तो वही भरून घेऊन आला. सामान आलं तेव्हा त्याचं तोंड बघायला हवं होतंस, लहान पोरानं खाऊची पुडी सोडावी तसा एकेक खोका सोडत होता. हा बघा वहिनी, कॉन्टॅक्टर, हा वीज जोडतो आणि तोडतो. हा रिले, कॉन्टॅक्टरला इशारा देणारा. हा ड्राईव्ह, ह्याच्यामुळं मोटर आता धाडकन उठणार न्हाय, खाडीतनं होडी निघते तशी हळूहळू वेग घेईल. आणि हा छोटा डबा म्हणजे सगळ्यांचा मुकादम, कोणी कधी चालू व्हायचं ते हा ठरवणार. मी म्हटलं, मुकादम एवढासा? तर म्हणतो, वहिनी, तुम्ही तरी केवढ्या हाय, सगळा कारखाना तुम्हाला भितो की.

वायरींच्या टोकांना नंबराच्या बारक्या नळ्या घालायच्या असतात, त्या मी घातल्या. त्याचा चष्मा तेव्हा नवा होता, त्याला जवळचं दिसेना. तीन दिवस बसून मी नळ्या घालत होते आणि तो नंबर सांगत होता. म्हणून मला वाटायला लागलं, हे पॅनल माझंपण हाय. तिथूनच खोट सुरू झाली बघ.

नारळी पौर्णिमेला कोळीवाड्याचा नारळ दर्याला वाहिला की एक नारळ कारखान्याचा असायचा आणि तो फोडायचा मान माझा. जुन्या पॅनलला हळदकुंकू लावायचं, नारळ फोडायचा, त्याचं पाणी दांड्यावर शिंपडायचं. इतकी वर्षं शिंपडलं, काही झालं न्हाय. त्या वर्षी मधुकरनं मला सकाळीच सांगितलं, वहिनी, कुंकू बाहेरून दाराला लावा, पाण्याचा एक थेंब आत जाता कामा नये, हा जुना डबा न्हाय. मी म्हटलं बरं. मंग त्याला खाली पंप बघायला जायचं होतं, पॅनलची चावी त्यानं माझ्या हातात दिली. म्हणाला, कोणाला उघडू देऊ नका, तुमच्याकडंच ठेवा.

माझ्या हातात दिली गो.

तो खाली गेला आणि मी कुंकू लावलं दाराला. मनाला बरं वाटेना. देवळाचं बंद दार पुजून परत यावं तसं वाटलं. आणि मनात काय आलं ते पण लिही, तेच लिहायला तुला बोलावलं, मनात आलं, ह्याला पूजेतलं काय कळतं, हा तर आपल्यातला न्हाय. वीस वर्षं ज्याच्याबरोबर एका कपातला चहा वाटून प्याले त्याच्याबद्दल हे माझ्या मनात आलं. पेन का थांबवलंस? लिही. मी दार उघडलं. आतलं सगळं असं नवंकोरं, ओळीनं बसलेलं, वास पण नवा. नारळ फोडला आणि दोन पळ्या पाणी हातानं शिंपडलं, ड्राईव्हच्या डोक्यावर पंख्याची जाळी असते, तिच्यावर पण. पदरानं वरवर टिपलं, दार लावलं, चावी फिरवली. मधुकर वर आला तेव्हा चावी त्याच्या हातात दिली. त्यानं विचारलं, झाली पूजा? मी म्हटलं, झाली.

दुपारी शेठनी बटण दाबलं. बंदरावर सगळ्या होड्या बर्फासाठी लागलेल्या, बायका-पोरं बघायला आलेली. पॅनलच्या आत असा आवाज झाला की मी कानच झाकले, मंग धूर, मंग तो जळका वास. मधुकरनं धावत मेन स्विच पाडला म्हणून पुढचं वाचलं.

कंपनीचा इंजिनीयर आला दुसऱ्या दिवशी. म्हणाला, आत पाणी गेलंय. सगळ्यांनी वर बघितलं. मागं मोठं वादळ झालं त्यात कारखान्याचे पत्रे उडाले होते, तेच जुन्या भोकांवर परत ठोकलेले, गळतात ते सगळ्यांना ठाऊक. शेठ म्हणाले, दार उघडं कोणी ठेवलं? चावी कोणाकडं होती?

मधुकरनं माझ्याकडं बघितलं. विहिरीतनं एक कळशी वर यावी एवढा वेळ तो माझ्याकडं बघत होता, प्रज्ञा. मी बोलावं म्हणून थांबला होता. मी पायाच्या अंगठ्यानं जमिनीवरचं पाणी पुसत बसले. मंग तो म्हणाला, चावी माझ्याकडं होती.

त्याला तेव्हाच कळलं होतं. त्या जळक्या डब्यावर मुंग्यांची रांग लागली होती, पावसाच्या पाण्याला कधी मुंग्या लागतात? त्यानं फडकं घेतलं आणि कोणी बघायच्या आत मुंग्या पुसून टाकल्या. मी बघितलं त्याला पुसताना. त्यानं पण बघितलं मला बघताना.

तीन दिवस बर्फ न्हाय. मोसमाची पहिली खेप गेली कोळीवाड्याची. लोक बोलायला लागले, ज्याला देव नको त्याच्या हातानं सुरुवात केल्यावर दुसरं काय होणार. नारळ फोडणारी मी, आणि देव नको म्हणून बोल त्याला! आणि मी काय केलं? बायकांनी विचारलं तेव्हा म्हटलं, पत्रा गळतो ठाऊक असून त्यानं झाकायला नको होतं? हे माझ्या तोंडचं वाक्य हाय. तुझ्या आईच्या कानावर गेलंच असणार. ती तेव्हापासून माझ्या दारात आली न्हाय, बरोबरच हाय तिचं.

शेठनी त्याला काढलं. दुसरं सामान आलं, बाहेरच्या माणसांनी बसवलं, आणि ते मशीन आता इतकं गुणी चालतं की काय सांगू. आता मीच ते चालवते, पॅनलवरच्या काचेवर बोट लावते आणि कॉम्प्रेसर हळू उठतो, त्यानं सांगितला होता अगदी तसा. मला लोक मशीनवाली आजी म्हणतात, शाळेची मुलं बघायला आणतात. प्रत्येक वेळी मी त्यांना सांगते, हा रिले, हा ड्राईव्ह, हा मुकादम, आणि सगळे शब्द त्याचे असतात, तोंड माझं असतं.

अलिबागच्या बाजारात एकदा भेटला. मिक्सर दुरुस्त करायचं दुकान घातलंय ना त्यानं. मला वाटलं आता बोलेल, निदान तोंड फिरवील. तर म्हणाला, वहिनी, गुडघा कसा हाय? मी म्हटलं, बरा हाय. आणि मी कोथिंबीर न घेताच घरी आले.

आता मच्छीमार सोसायटीचं नवं कोल्ड स्टोरेज होतंय बंदरावर, तिथं असलीच पॅनलं, याहून मोठी. इलेक्ट्रिशियन हवाय. तुझ्या बाबानं अर्ज केलाय, तुला ठाऊकच असेल. परवा बैठक झाली, मी पण सभासद हाय, मागं बसले होते. त्याचं नाव निघालं तसा एकजण म्हणाला, पॅनल उघडं टाकून जाळणारा माणूस नको. मी उठले. गुडघा धरून उठले आणि सगळं सांगितलं, चावीचं, नारळाचं, सगळं. काय झालं असेल सांग. हसले! चेअरमन म्हणाले, आक्का, वय झालं तुमचं, बसा. शेठ पण होते, ते मला बाहेर घेऊन गेले आणि हळूच म्हणाले, झालं ते झालं, आता सणाचं नाव कशाला मध्ये आणता, लोकांना आवडणार न्हाय. मी म्हटलं, शेठ, माणसाचं नाव गेलं ते आवडलं होतं लोकांना? तर ते घड्याळ बघायला लागले.

इतकी वर्षं मी गप्प बसले आणि आता बोलते तर कोणी ऐकत न्हाय. ही पण शिक्षाच म्हणायची, पण ती मला असू दे, त्याला कशाला?

म्हणून हे लिहून घे. बोललेलं म्हातारपणावर ढकलता येतं, कागद ढकलता येत न्हाय. येत्या सोमवारी परत बैठक हाय, नाव त्याच दिवशी ठरणार. मी उभी राहून हा कागद वाचणार, सगळा, मनात आलं होतं ते सुद्धा. अक्षर मोठं त्यासाठी सांगितलं, माझं वाचन अडखळत असतं, पण अडखळत का होईना, मीच वाचणार.

तू रागावलीस, दिसतंय मला. रागाव. तू रागावली न्हायस तर मला जास्त वाईट वाटेल. पण जाऊन बाबाला हे आधी वाचून दाखव, त्याच्या नावाचं हाय, त्याला न विचारता चारचौघांत कसं वाचू? तो नको म्हणाला तर मात्र मी ऐकणार न्हाय, हे पण त्याला सांग. माफी मी कागदावर लिहवून घेत न्हाय, ती समोर उभं राहून मागायची असते आणि तुझ्या आईच्या समोर आधी.

पोरी, तुझ्या हाताला, तुझ्या शाळेला, तुझ्या घराला सगळं चांगलं होवो. आता ऊन चढायच्या आत निघ. आणि सोमवार झाला की ये गो. त्यांनी ऐकलं का न्हाय ते दुसऱ्या कोणाकडून कळू देऊ नको, माझ्याकडून ऐक. बाबाला म्हण, वहिनीनं बोलावलंय. आला तर बरंच, न्हाय आला तर एकटी ये, पण निरोपाची वाट बघू नको, लवकर ये.