खोट्या कळा

हसू नका, पण मला नववा महिना लागला तेव्हा आमच्या घरात सगळ्यात जास्त घाबरले होते ते आमचे हे. एका सकाळी पोटात कळा सुरू झाल्या तसं ह्यांनी जीप केली आणि आम्ही मानवतहून परभणीचा दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी मला एका खाटेवर निजवून तपासलं. "खोट्या कळा आहेत. शेवटच्या दिवसांत अशा येतात. थोडं चाला, थांबतील."

मी व्हरांड्यात फेऱ्या मारल्या आणि कळा खरंच थांबल्या. परत येऊन बघते तर हे बाकावर पोट धरून वाकलेले. सकाळपासून काळजीनं उपाशी होते, आणि मी चालत होते तेवढ्यात बाहेर जाऊन मिरचीभजी खाऊन आले होते. सिस्टरनं त्यांना माझ्याच खाटेवर निजवून सलाईन लावलं. मी एवढं पोट घेऊन स्टुलावर बसले आणि त्यांचं कपाळ पुसायला लागले.

शेजारच्या खाटेवर पाथरीची एक बाळंतीण होती. तिची सासू बराच वेळ आमच्याकडं बघत होती. शेवटी तिला राहवलं न्हाई.

"माय, तुमच्याकडं बाप्ये बाळंत होतेत का?"

हे कण्हत म्हणाले, "मावशी, लय कळा यायल्यात हो!"

मला असं हसू फुटलं की थांबेचना. हसता हसता पायाखाली ओलं लागलं. पाणमोट फुटली होती.

सिस्टर धावत आली आणि ह्यांच्यावर ओरडली, "उठा हो पाव्हणं! जिची खाट तिला द्या!"