अण्णा आपणहून चढलं न्हवतं

माझा जलम शिरोळ तालुक्यातला, जयसिंगपूरपासनं दोन कोसावर, नदीकाठाला. नदीकाठ म्हणजे काळी जमीन आली आन काळी जमीन म्हणजे चिखल आला, तवा चिखल काय आसतोय हे मला कुणी शिकवाय लागलं न्हाय. माझा बा गाडीवान. बैलं दुसऱ्याची, गाडी दुसऱ्याची आन वरचा ऊस बी दुसऱ्याचाच. गाडी रुतली की बा बैलांस्नी कधी मारायचा न्हाय. खाली उतरायचा, चाकाफुडची माती हातानं वडायचा, पाचट टाकायचा, मग चाकाला खांदा लावून बैलांस्नी नुसती हाक द्यायचा. मला म्हणायचा, शंकऱ्या, चिखलासंगं ताकदीनं भांडू नगंस, चिखलाला घाई नसती, तुला आसती. ते आता कळतंय. तवा मला नुसता ट्रॅक्टर चालवायचा हुता, दुसरं काय डोस्क्यात न्हवतं.

ट्रॅक्टर मला दिला तो जिनगोंडाअण्णानं. आमच्या गल्लीच्या मागल्या अंगाला त्यांचं घर, जैन घर, शेतीवाडी चांगली. माझ्याच वयाचं, पर सगळा गाव अण्णा म्हणायचा म्हणून मी बी अण्णाच म्हणायचो. त्यांनी ट्रॅक्टर घेतला आन दुसऱ्या दिवशी मला बलावलं, म्हणलं शंकर, चालवतोस काय. मी म्हणलं चालवतो की. चालवाय कुठं येत हुता मला, पर म्हणलं. तिथनं फुडं बावीस वर्सं मी त्यांच्याकडं हुतो. नोकर कधी वाटलोच न्हाय बगा. दिवस मावळायच्या आत ते जेवायचं, आन उसाच्या फडात आसलो तर आदी माझ्यासाठी भाकरी काढून ठेवायला सांगायचं, कारण मला उशिरा जेवायची सवय.

आन माणूस कसा, काय सांगू तुमाला. ट्रॅक्टर चालू करायच्या आदी वाकून चाकाखाली बघणारा. कुत्र्याचं पिल्लू हाय काय, कोंबडी हाय काय, कधी मुंग्यांची वळ आसली तर म्हणायचं शंकर, जरा मागं घेऊन वळसा मार की. मी वैतागायचो. मुंग्यांसाठी कोण ट्रॅक्टर मागं घेतंय वो? पर घ्यायचो. आसा माणूस. हे ध्यानात ठेवा, कारण ह्याच माणसाचं नाव आमच्या गावात येडेपणाला वापरत्यात.

ते कसं झालं ते सांगतो.

हंगाम चालू हुता, थंडीचं दिस. पाऊसबिऊस काय न्हवता, पर कुणाचा तरी पाट फुटून पाणी फडाच्या वाटंवर आलतं आन वाटंचा नुसता लगदा झालता. त्यात शेजारच्या शेतातला उसानं भरलेला ट्रक पार चाकाच्या आसापतुर बसला. सकाळी नवाचा सुमार आसंल. ट्रकवाला अण्णांकडं आला, म्हणला ट्रॅक्टर लावून वडून द्या, कारखान्यावरचा माझा नंबर जाईल. अण्णा मला म्हणलं चल. चल म्हणलं की मी निघालो, त्यात काय, आसली वडावडी आमी हंगामात धा येळा करायचो.

आता ट्रॅक्टरला खाली एक हूक आसतोय, वडायचं आसलं तर साखळी त्येलाच बांधायची. पर मी ट्रॅक्टर मागं घेतला तवा माझीबी मागली चाकं रुतली आन तो हूक चिखलात गेला. साखळी घालायची म्हणजे गुडघ्यावर बसून माती उकरायला लागणार. मी म्हणलं कोण उकरत बसतंय, आन साखळी वरच्या दांड्याला बांधली, सीटच्या मागं आसतोय त्या. वर बांधली की काय हुतंय, ट्रॅक्टर मागनं दबतोय आन फुडनं उठतोय, घोडं उठतंय तसा. पयला हिसका दिला, उठला. खाली आणला. दुसरा दिला, परत उठला.

ह्येला आमच्याकडं एक उपाय हाय, हंगामात कवाबी फडात जावा, दिसंल तुमास्नी. फुडं माणसं बसवायची. बंपरवर दोघं-तिघं बसवली की फुडनं वजन येतंय आन ट्रॅक्टर उठत न्हाय. सगळी करत्यात. हसत हसत बसत्यात, आता तर मोबाइलवर काढत्यात. त्या दिवशी ऊसतोड टोळीची माणसं लांब फडाच्या त्या टोकाला, ट्रकवाला मागं त्येच्या केबिनीत, जवळ हुतं नुसतं अण्णा. बांधावर हुबं हुतं, हात मागं बांधून.

मी हाक मारली. म्हणलं अण्णा, या की, बसा फुडं.

आलं. मी खाली उतरून हात दिला, बंपरवर बसवलं, बोनेटला धरा म्हणलं. अण्णा म्हणलं, शंकर, जमंल न्हवं? मी म्हणलं बसा वो, बावीस वर्सं चालवतोय.

मग मी हिसका दिला. ट्रॅक्टर उठला, अण्णासकट उठला, आन साखळी तुटली. मागचा वड सुटला तसा ट्रॅक्टर खाली आपटला आन फुडं पळाला. अण्णा आदीच खाली पडलं हुतं. माझा पाय क्लचवर गेला, देवाशपत गेला, पर पाय जायला जेवढा येळ लागतोय तेवढाच त्यांचा जीव जायला लागला. ह्याच्या फुडचं मी सांगत न्हाय. मला दिसतंय ते मलाच राहू द्या.

मग माणसं पळत आली. ट्रकवाला म्हणला काय झालं, काय झालं. त्येला मागनं काय दिसलं न्हवतं, आन दोन इंजिनांच्या आवाजात हाक बी ऐकू गेली न्हवती. आन माझ्या तोंडातनं निघालं, अण्णा आपणहून चढलं. मी नगं नगं म्हणत हुतो.

कसं निघालं मला म्हाईत न्हाय. मी इचार करून बोललो न्हाय. पर एकदा निघालं, मग पोलीस आलं त्यांस्नी तेच सांगितलं, पंचनाम्यात तेच गेलं, अण्णांची म्हातारी आई दारात पडून रडत हुती तिला बी तेच. म्हातारी मेलेल्या लेकाला शिव्या द्यायला लागली, म्हणली येड्या, तुला कुणी चढाय सांगितलं हुतं रं. मी तिथंच हुबा, खांबाला धरून. तवा बोलायचं हुतं. तवा बोललो आसतो तर झालं आसतं सगळं. न्हाय बोललो.

आन मग गावानं काय केलं, तर अण्णाचं नाव म्हणीगत वापराय सुरुवात केली. कुणी बैलगाडीवर उलटं बसलं, कुणी इजेच्या खांबावर चढलं, की म्हणायचं, जिनूअण्णा व्हायचं हाय काय? आज अठरा-एकोणीस वर्सं झाली, ज्या पोरांनी अण्णा बघितलं बी न्हाईत ती म्हणत्यात. मुंग्यांसाठी वळसा मारणारा माणूस वो. ऐकलं की मी मान खाली घालून फुडं जायचो.

मी ट्रॅक्टर सोडला न्हाय. लोकांस्नी वाटलं सोडंल. उलटं, रुतलेल्या गाड्या काढायचं कामच धरलं. ट्रक, ट्रॉली, टेम्पो, एकदा गगनबावड्याकडं पावण्याकडं गेलतो तर तिथं लग्नाची गाडी काढून दिली, नवरी आत बसलेली. पर माझी रीत बदलली. पयली माणसं लांब. साखळी धा हात आसली तर माणूस ईस हात लांब, बांधावर, आन साखळीच्या रेघंत कुणी थांबायचं न्हाय. मग उकरायचं, हूक मोकळा हुईपतुर, चाकं मोकळी हुईपतुर. चाकाफुडं पाचट आन फळ्या. माल जास्त आसला तर निम्मा उतरा, खुशाल शिव्या द्या मला. साखळी खालीच. साखळीवर भिजवलेलं पोतं टाकायचं, तुटली तर उडत न्हाय. मग पयल्या गेरात, हळू, हिसका न्हाय. आन फुडं कुणी बसलं की मी चावी काढून खिशात घालतोय. लोकं चेष्टा करत्यात, म्हणत्यात शंकरआप्पा गाडी काढत न्हाय, हीर काढतोय. म्हणू द्या. एवढ्या वर्सांत माझ्या साखळीखाली कुणाला खरचटलं बी न्हाय. पर एक माणूस गेला तो गेलाच की.

गेल्या साली काय झालं, सुनंदावैनींची ट्रॉली रुतली. अण्णांच्या मंडळी. पोरगी लग्न हुन हातकणंगल्याला दिली, वैनी एकट्याच शेती बघत्यात, आन खमक्या हाईत. मला निरोप आला, गेलो. बघतोय तर त्यांचा नवा ड्रायव्हर दोघांस्नी म्हणतोय बसा रं फुडं. मी वरडलो. एवढा वरडलो की माझाच घसा बसला. दोघंबी उतरली. मग मी माझ्या रीतीनं काढली ट्रॉली, तासभर लागला.

काम झाल्यावर वैनींनी बांधावर च्या आणला. ड्रायव्हर ट्रॉली घेऊन गेलता, आमी दोघंच. मी कप खाली ठेवला. मी म्हणलं वैनी, अण्णा आपणहून चढलं न्हवतं. मी बसा म्हणलं हुतं.

वैनी वाफ्याकडं बघत हुत्या. म्हणल्या, भावजी, मला ठावं हाय. ह्यांचा डावा गुडघा धरलेला हुता. जिन्याची पायरी चढताना बी माझ्या खांद्यावर हात ठेवायचं. कुणी हाक मारून हात दिल्याबिगर हे बंपरवर कसं चढतील?

मी म्हणलं मग बोलला का न्हाईसा?

म्हणल्या, तुमची पोरं बारकी हुती. आन मला वाटलं तुमी येऊन सांगशीला. एक वरीस वाटलं, दोन वर्सं वाटलं. मग वाटायचं बंद झालं.

मी रडलो, हे काय लपवत न्हाय. पाया पडाय वाकलो तर मागं सरकल्या. म्हणल्या, मला सांगून काय उपेग? मी ह्यांस्नी येडं कधी समजलेच न्हाय. ज्यांनी येडं ठरवलं त्यांस्नी सांगा.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घालाय गेलो. डेरीवर पंधरा-ईस माणसं आसतील रांगंत. मी किटली खाली ठेवली आन सांगितलं सगळं. साखळी वर बांधली ते, हाक मारली ते, खोटं बोललो ते. पोलिसात सांगायचं आसंल तर सांगा म्हणलं. तवा एक म्हातारा रांगंतनं फुडं आला, माझ्या पाठीवर हात ठेवला आन म्हणला, शंकर, किती जीव रं तुझा अण्णावर, मेलेल्या दोस्ताची चूक आपल्या अंगावर घेतोस. आन सगळी माना हलवाय लागली. एकाच्या डोळ्यात पाणी आलं. मी म्हणलं आरं खरं सांगतोय. म्हणली व्हय व्हय आप्पा, घरला जावा, इसावा घ्या.

आता गावात मला जास्तच मान देत्यात. पंगतीला बलावून फुडं बसवत्यात. वैनींस्नी जाऊन सांगितलं काय झालं ते, तर त्या जनावरांस्नी पाणी दावाय उठून गेल्या.

म्हणून तुमाला बसवून घेतलंय, पावणं. लोकं बोललेलं मानत न्हाईत, छापल्यालं मानतील. लिवा, अण्णा बांधावर हुबं हुतं, शंकरनं हाक मारली. तुमची गाडी कवाच कुठं रुतू नये, लेकराबाळांत सुखानं ऱ्हावा. पर एवढं करा, लिवताना मला मोठ्या मनाचा करू नगासा.