भरलेल्या बॅगेवरची चिठ्ठी

आत्या : पुन्हा शेपूट खाल्लंस! ‘अंडं उकडलेलं आहे’ म्हणताना नुसतं ‘गेकॉख्ट’. ‘उकडलेलं अंडं’ म्हणताना ‘गेकॉख्टऽ’. नामाच्या पुढ्यात येऊन विशेषण झालं, की त्याला शेपूट फुटतं.

भाची : या जर्मन लोकांना दुसरे उद्योग नव्हते का गं?

आत्या : आपल्याला तरी कुठे होते? कप फुटलेला, बशी फुटलेली, भांडं फुटलेलं. तिथे बरी चुकत नाहीस!

भाची : फुटलेल्या बशीवर आतोबांची चिठ्ठी होती ना?

आत्या : घरभर होत्या. लग्न झाल्या झाल्या मला जर्मन शिकवायचं खूळ शिरलं डोक्यात. दारावर ‘बंद केलेलं दार’. दार उघडलं की धावत जाऊन चिठ्ठी बदलायची! एकदा तर पाहुण्यांसमोर स्वतःच्या कपाळावर चिकटवून आले, ‘देअर फरहायराटेटऽ मान’. लग्न झालेला माणूस. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

भाची : आहे का गं ती चिठ्ठी?

आत्या : रागाच्या भरात फाडली. आता चुटपुट लागते. बरं, गप्पा पुरे. उद्या दहाला परीक्षा, तीही तिसरी खेप. या वेळी राहिलीस, तर जर्मनीतलं हॉस्पिटल नर्सची जागा दुसरीला देईल.

भाची : देऊ दे.

आत्या : काय म्हणालीस?

भाची : मागच्या वेळी हाच शेपटांचा प्रश्न होता, दहा शब्द भरायचे. दहाच्या दहा येत होते मला. कोरे ठेवले.

आत्या : कोरे? अगं, पण का?

भाची : मी गेल्यावर तुझं कोण बघणार? भिंत धरून चालतेस. पाच वर्षांची होते, तेव्हा तू मला या घरात आणलंस, आणि मी...

आत्या : वेडाबाई! माझ्या गुडघ्याला मध्ये आणू नकोस, तो जन्माचा कुरकुऱ्या. डोळे पूस. पलंगाखालची बॅग दिसते का?

भाची : वर आतोबांचं अक्षर आहे. ‘देअर गेपाक्टऽ कॉफर’. भरलेली बॅग. शेपटासकट!

आत्या : त्यांना तिकडच्या कारखान्यात नोकरी लागली होती. तिकिटं हातात आली, आणि त्याच आठवड्यात तुझे आईबाबा गेले. यांनी मुकाट्याने कपडे परत कपाटात लावले. चिठ्ठी तेवढी राहू दिली. म्हणाले, असू दे, पुन्हा कधीतरी भरू.

भाची : माझ्यामुळे राहिलं तुमचं.

आत्या : तू आलीस म्हणून आमच्या घराला घरपण आलं. पण जायचं राहिलं ते राहिलंच, खोटं कशाला बोलू? तू गेलीस की मला इथे करमणार नाही, हेही खरं. तरी उद्या एक जरी ओळ कोरी सोडलीस, तर माझ्याशी गाठ आहे. ओढ ती बॅग.

(भाची वाकून बॅग ओढते.)

भाची : आत्या, रिकामी बॅग एवढी जड कशी?

आत्या : काल तू ड्युटीवर होतीस ना, तेव्हा तुझे स्वेटर भरले. हळू ओढ, चिठ्ठी फाटेल.