तासलेलं लाकूड

—ते बोलायचे नाहीत हो तुमच्याशी, आधीच सांगते. वासुदेवराव करंदीकर मुकदमा जिंकले असं ऐकून नागपूरहून बनारसला आलात, कळलं— मी त्यांची बायको, मलाच विचारा काय ते. घाटावर गेलेत, येतीलच. तुमचाही माल कस्टमनं अडवलाय? बर्माचा सागच? म्हणजे तेच. आमचे ओंडके कलकत्त्याच्या गोदीत उतरले— जहाजात नीट रचता यावेत म्हणून बर्मातच कुऱ्हाडीनं चारी बाजूंनी तासलेले. कस्टमचा साहेब म्हणाला, हे चिरलेलं लाकूड, ड्युटी जास्त भरा. हे म्हणाले, करवत लागलेलीच नाही, कच्चा माल आहे. भरून मोकळं व्हायचं ना? सगळे तेच म्हणाले— मीही. पण नाही, खोटं कबूल करायचं नाही म्हणजे नाही. मग अपील, त्यावर अपील— दर तारखेला पिशवीत एक ढलपा घालून कलकत्ता, कुऱ्हाडीचे घाव दाखवायला. इकडे वखार बंद पडली. सासूबाई गेल्या तेव्हाही हे तिकडेच— कळवायचं कुठं? धाकट्या भाऊजींनी, वेणीमाधवांनी अग्नी दिला. दोन दिवसांनी हे आले, उंबऱ्यातच म्हणाले, "तारीख पुढं गेली." मी म्हटलं, "आई गेल्या." "हो का," म्हणाले आणि पाय धुवायला गेले. रडले? नाही. शेजारून पिठलं-भात आला होता, तो वाढला मी, जेवले. मी तरी कुठं रडले—

जिंकले ना, जिंकले. लाकूड कच्चंच, असा निकाल लागला. भाऊजींनी हलवायाकडच्या गोड लौंगलता वाटल्या आमच्या दुर्गाघाटभर. मग हे माल सोडवायला गेले, तर ओंडकेच नाहीत. फार दिवस पडून होते म्हणून गोदीवाल्यांनी कधीच लिलावात काढले होते. नोटीस पाठवली होती म्हणे— वखारीच्या पत्त्यावर. तिथं कोण होतं घ्यायला? हे परत आले, पिशवी खुंटीला टांगली. तेव्हापासून सगळं नीट चाललंय. वेळेवर जेवतात, झोपतात. मी विचारत नाही, ते सांगत नाहीत. कधी वाटतं, हरले असते तर बरं होतं— पुढच्या कोर्टात तरी गेले असते. निदान एखादी तारीख असती. आता सकाळी उठतात ते— हे मी तुम्हाला का सांगतेय? तुम्ही ड्युटी भरून टाका. नाहीतर भरू नका, मला काय—

उठा, जिन्यावर पाय वाजले. चपला घाला. लाकडाचं नाव काढू नका त्यांच्यासमोर.

अहो, कुणी नाही. घर चुकलेत हे गृहस्थ.